‘चार्जिंग संपलं’ म्हणजे भरलं की उतरलं?

प्रश्न थोडक्यात असा: चार्जिंग ही क्रिया आहे. क्रिया संपली म्हणजे बॅटरी भरली, असा अर्थ व्हायला हवा. मग फोन बंद पडायला आला की आपण ‘चार्जिंग संपलं’ कसं म्हणतो? हा वापर चुकीचा आहे का? आणि एखाद्या उपकरणाचं माहितीपत्रक मराठीत लिहायचं असेल तर काय लिहावं?

वापर चुकीचा नाही. शब्द इंग्रजीतून आलाय, पण त्याला चालवणारं व्याकरण अस्सल मराठी आहे. ‘जेवण’ हा शब्द घ्या. ‘जेवण झालं’ म्हणजे जेवायची क्रिया पुरी झाली. ‘जेवण संपलं’ म्हणजे पातेल्यात काही उरलं नाही. शब्द तोच, पण एकदा क्रिया आणि एकदा वस्तू. दळणाचंही तसंच: दळण चालू असतं आणि दळण डब्यातही असतं. धुणं धुतात आणि धुणंच वाळतही घालतात. क्रियेचं नाव त्या क्रियेच्या मालाला देणं ही मराठीची जुनी सवय आहे. ‘चार्जिंग’ आल्या आल्या त्याच खुंटीवर टांगलं गेलं. बॅटरीत भरायची क्रिया चार्जिंग, आणि भरलेला मालही चार्जिंग. म्हणून ‘चार्जिंग किती आहे?’, ‘थोडंच चार्जिंग उरलंय’ ही वाक्यं कुणाला खटकत नाहीत.

घोटाळा होऊ नये याची सोयही भाषेने करून ठेवलीय, फक्त ती नामात नाही, क्रियापदात आहे. भरणं पुरं झालं की आपण ‘चार्जिंग झालं’ म्हणतो. साठा आटला की ‘चार्जिंग संपलं’. जेवण झालं आणि जेवण संपलं, अगदी त्याच हिशोबाने. फोन चार्जरवरून काढताना ‘चार्जिंग संपलं, काढ आता’ असं सहज बोलणारा मराठी माणूस विरळा. तेव्हा तर्काने जो दुसरा अर्थ निघतो, तो बोलण्यात फारसा उतरतच नाही.

‘चार्जिंगला लावलाय, तरी चार्जिंग उतरतंय’ हे वाक्य या दृष्टीने पाहण्यासारखं आहे. एकाच वाक्यात चार्जिंग दोनदा येतं, दोन्ही वेळा अर्थ वेगळा, आणि ऐकणाऱ्याला क्षणभरही अडखळायला होत नाही. ‘ला’ लागलेलं चार्जिंग ही क्रिया, कारण ‘लावणे’ला काम लागतं: कामाला लावला, अभ्यासाला लावला, तसा चार्जिंगला लावला. मुलगा अभ्यासाला लावला म्हणजे तो अभ्यास करतोच असं नव्हे, आणि फोनचंही तेच. दुसरं चार्जिंग मात्र उतरणारी गोष्ट आहे. ताप उतरतो, पूर उतरतो, चढलेली नशा उतरते. ज्याची पातळी असते ते उतरतं.

शिवाय हे वाक्य तांत्रिकदृष्ट्याही अचूक आहे. फोन संगणकाच्या जुन्या यूएसबी २.० पोर्टला जोडला तर त्या पोर्टकडून ठरलेला प्रवाह ५०० मिलिअँपिअर, म्हणजे ५ व्होल्टला अडीच वॅट. पडद्याचा उजेड पूर्ण, वर गेम किंवा व्हिडिओ कॉल चालू, अशा वेळी फोन त्याहून जास्त खातो. विजेचं चिन्ह दिसत राहतं आणि टक्के घसरत राहतात. दुरुस्तीवाल्याला ‘चार्जिंग होत नाही’ एवढंच सांगितलं तर तो आधी पोर्ट बघणार. ‘चार्जिंगला लावला तरी उतरतं’ म्हटलं तर आधी अडॅप्टर आणि केबल बघेल, आणि तेच बरोबर.

‘चार्जिंग होत नाही’ ही तक्रार खरं तर तीन वेगळ्या तक्रारींचं गाठोडं आहे. जोडल्यावर चिन्हच येत नाही, ही पहिली. इथे बऱ्याचदा पोर्टच्या तळाशी खिशातला कापूस दाबून बसलेला असतो, त्यामुळे पिन पूर्ण आत जात नाही आणि जराशा धक्क्याने निसटते. फोन बंद करावा, लाकडी किंवा प्लास्टिकच्या काडीने हलक्या हाताने कचरा बाहेर काढावा. सुई-टाचणी नको, संपर्कपट्ट्या खरवडतात किंवा एकमेकींना टेकतात. चिन्ह येतं पण टक्के ठरावीक आकड्यावर थांबतात, ही दुसरी. लॅपटॉप ८० टक्क्यांवर अडून बसला असेल तर बहुतेक वेळा बॅटरीचं आयुष्य वाढावं म्हणून ती मर्यादा सेटिंगमध्ये चालू असते; बिघाड काहीच नसतो. आणि चढतं, पण रडतखडत, ही तिसरी. जलद चार्जिंगसाठी अडॅप्टर, केबल आणि फोन या तिघांची बोली एक लागते. ती जुळली नाही की सगळे मुकाट्याने ५ व्होल्टवर येतात. अडॅप्टर मोठा असून केबल साधी, हे तर नेहमीचंच. यूएसबी-सीच्या साध्या केबलमधून ३ अँपिअरपर्यंतच प्रवाह घेता येतो, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅट. त्यापुढे जायचं तर केबलच्या टोकात आपली ओळख सांगणारी चिप हवी.

‘केबल’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला कळतं, ‘चार्जिंगची वायर’ म्हटलं तरी कळतं. ‘चार्जिंगची पिन खराब आहे’ म्हटलं की मात्र पंचाईत. पिन म्हणजे वायरचं टोक की फोनचं तोंड? दोन्हींना पिन म्हणतात. वायर बदलणं सोपं, पोर्ट बदलायला फोन उघडावा लागतो. तेव्हा इथे ‘वायरची पिन’ किंवा ‘फोनचा पोर्ट’ असं स्पष्ट म्हणावं. ‘चार्जर’ हा शब्दही तसा उदार मनानेच दिलेला. भिंतीत खोचतो तो डबा घरातल्या एसी विजेची (दिशा बदलत राहणारी) डीसी (एकाच दिशेने वाहणारी) करतो आणि व्होल्टेज खाली आणतो, बस. बॅटरीत किती प्रवाह सोडायचा, कधी आवरता घ्यायचा, हे फोनच्या आतली चिप ठरवते. खरा चार्जर ती. डबा तो अडॅप्टर. पण रूढ शब्दाशी या बाबतीत भांडण्यात अर्थ नाही.

बॅटरीबाबत मराठी क्रियापदं इतकी नेमकी आहेत की निदान त्यांतच होऊन जातं. बॅटरी उतरली: पुन्हा भरा. बॅटरी टिकत नाही: क्षमता घटली आहे किंवा एखादं ॲप मागे बसून खातंय, सेटिंगमध्ये कुणी किती टक्के खाल्ले ते बघा. बॅटरी गेली: बदला. बॅटरी फुगली: तत्क्षणी वापर थांबवा. आत वायू साठलेला असतो. तिला दाबू नये, टोचू नये, चार्जिंगला लावू नये, ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नये. ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यावी. ‘बॅटरी संपली’ हे एकच वाक्य ढिलं आहे, कारण ते उतरली आणि गेली या दोन्हींसाठी वापरलं जातं. दुरुस्तीच्या बोलण्यात ते टाळलेलं बरं.

त्यातून मराठीत बॅटरी म्हणजे विजेरीही. ‘मोबाईलची बॅटरी लाव’ म्हटलं की उजेड पाडायचा असतो, आणि ती रात्रभर चालू राहिली की सकाळी बॅटरी उतरलेली असते. गंमत म्हणजे तांत्रिक व्याख्येने जुन्या विजेरीलाच हे नाव जास्त शोभतं. एकटा असेल तो सेल. एकाहून अधिक सेल जोडले की बॅटरी. दीड व्होल्टचे दोन सेल एकापुढे एक घातलेली विजेरी ही तीन व्होल्टची बॅटरी झाली. बहुतेक फोनमध्ये मात्र एकच लिथियम सेल असतो.

आता शुद्धतेचा मुद्दा. ‘चार्जिंग’ऐवजी ‘प्रभार’ वापरावा का? शालेय पुस्तकांत विद्युतप्रभार, धनप्रभार, ऋणप्रभार हे शब्द आहेत आणि तिथे ते चोख काम करतात. ‘प्रभारी अधिकारी’मधला प्रभारही तोच, म्हणजे ‘चार्ज’ या इंग्रजी शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच मराठी शब्दाने उचलले. पण ‘फोनचा प्रभार संपला’ हे वाक्य बोलायला अवघड आहेच, वर भौतिकशास्त्रातही बसत नाही. बॅटरी वापरल्याने प्रभार नाहीसा होत नाही. एका टोकातून निघालेले इलेक्ट्रॉन परिपथातून फिरून दुसऱ्या टोकाला पोचतात, आतून लिथियमचे आयन त्याच बाजूला सरकतात, आणि बॅटरीचा एकूण प्रभार आधी शून्य, नंतरही शून्य. खर्च होते ती रासायनिक ऊर्जा. म्हणजे शुद्ध म्हणून आणलेला शब्द इथे चुकतो, आणि अशुद्ध ठरवलेलं ‘चार्जिंग’ निसटतं, कारण त्याने भौतिकशास्त्राचा दावाच केलेला नाही. ‘भार’ तर नकोच. भारनियमनातला भार म्हणजे लोड, वीज खाणारा. बॅटरीच्या बाबतीत फोन हाच भार.

हा फरक नुसता कीस काढण्यापुरता नाही, पॉवर बँक घेताना तो नडतो. एमएएच, म्हणजे मिलिअँपिअर-तास, हे प्रभाराचं माप आहे, ऊर्जेचं नाही. डब्यावरचे १०,००० एमएएच हे आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टला मोजलेले असतात. ऊर्जा झाली ३७ वॅट-तास. बाहेर देताना व्होल्टेज ५ करावं लागतं, म्हणजे तीच ऊर्जा ७,४०० एमएएच उरली. रूपांतरात आणखी गळती होते, आणि हाती साधारण ६,००० ते ६,५०० येतात. त्यामुळे ५,००० एमएएचचा फोन दोनदा भरेल हा हिशोब फसतो. दीडेक वेळा भरतो, कारण फोनचे ५,०००ही ५ व्होल्टला नव्हे, आतल्या सेलच्या व्होल्टला मोजलेले असतात. पॉवर बँक खोटी नसते, माप वेगळं असतं. डब्यावर बारीक अक्षरात वॅट-तास छापलेले असतील तर तेवढेच बघावेत.

टक्क्यांचंही असंच. वरच्या पट्टीतले टक्के आजच्या क्षमतेवर मोजलेले असतात. बॅटरीची क्षमता ८० टक्क्यांवर आली असली तरी पट्टी १०० दाखवणारच. तांब्या काठोकाठ भरलाय, पण तांब्याच लहान झालाय. ‘शंभर टक्के चार्जिंग होतं, तरी दुपारपर्यंत टिकत नाही’ याचं उत्तर इथे सापडतं. आणि १८ टक्के दिसत असताना फोन एकदम बंद पडला तर चार्जिंग संपलेलं नसतं. जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध, म्हणजे आतून प्रवाहाला होणारा अडथळा, वाढलेला असतो. कॅमेऱ्याचा फ्लॅश मारताना अचानक जास्त प्रवाह मागितला की व्होल्टेज खाली कोसळतं आणि फोन स्वतःला वाचवायला बंद होतो. थंडीत हे लवकर होतं. तक्रार सांगताना ‘चार्जिंग असताना बंद पडतो’ असं म्हणावं.

लिंगाबद्दलही विचारणा होते. क्रियावाचक ‘इंग’वाले शब्द मराठीत बहुधा नपुंसकलिंगी होतात: पार्किंग मिळालं, बुकिंग झालं, वायरिंग जळालं. मीटिंग झाली, कारण मागे सभा-बैठक उभी आहे. बिल्डिंग पडली, कारण इमारत. म्हणून ‘चार्जिंग संपलं’ हेच सरळ. ‘चार्जिंग संपली’ही कानावर येतं, त्यात ‘बॅटरी संपली’ची सावली आहे. बोलताना चालून जाईल, छापताना नपुंसकलिंगच ठेवावं.

राहिलं माहितीपत्रक. तिथे बोलण्यातला सूर नसतो, हातवारे नसतात, आणि वाचणारा अनोळखी असतो. तेव्हा क्रियेसाठी क्रियापद वापरावं आणि साठ्यासाठी नाम. लाल दिवा: ‘चार्ज होत आहे’. हिरवा दिवा: ‘पूर्ण चार्ज झाले’. हिरव्यापुढे ‘चार्जिंग समाप्त’ मुळीच छापू नये, कारण निम्मे वाचक उपकरण पुन्हा चार्जिंगला लावतील. लुकलुकणारा लाल: ‘बॅटरी उतरली आहे, चार्जिंगला लावा’. या शेवटच्या ओळीत ‘कृपया उपकरणास विद्युतपुरवठ्याशी संलग्न करावे’ असं लिहायचा मोह होतो. तो आवरावा, दिव्याशेजारची जागा नखाएवढी असते.