बिअरच्या आधी आल्याची एक बरणी घाला

तुम्ही सांगलीत राहता, शनिवार-रविवार सुट्टी असते, घरी बिअर बनवायला शिकायचंय, तर सामान काय लागतं आणि पहिल्या वीकेंडला नेमकं काय काय करायचं, असं तुम्ही विचारलंय. मी सातारा जिल्ह्यातला, कोरेगावकडचा. नोकरीमुळं चार वर्षं इंग्लंडमध्ये लीड्सला होतो, तिथं दर महिन्या-दीड महिन्याला घरी बिअर करायचो. आता गावाकडं परत आलोय, इथं बिअर करत नाही, पण यीस्टचा, म्हणजे आंबवणाऱ्या बारीक जिवांचा, नाद सुटलेला नाही. म्हणून दोन्हीकडचं सांगतो.

आधी कायद्याचं, कारण हे कुणी नीट सांगत नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि लायसनशिवाय दारू बनवणं हा त्यात गुन्हा आहे, बिअरसुद्धा दारूतच मोडते, आणि मी विकत नाही फक्त घरच्यापुरती करतो हे कारण चालत नाही. पुण्यात ज्या मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागेवरच बिअर बनवणारी छोटी ठिकाणं, आहेत त्या लायसन काढून चालतात. इंग्लंडमध्ये १९६३ पासून घरी पिण्यापुरती बिअर करायला लायसन लागत नाही, फक्त विकायची नाही, म्हणून मी तिथं बिनधास्त करायचो. तेव्हा माझं सरळ मत असं की सांगलीत घरी बिअर करू नका. पण त्यातली जी विद्या आहे, म्हणजे यीस्ट सांभाळणं, ती शिकायला बिअरच लागते असं काही नाही. आपल्याकडं त्यासाठी आलं आहे, चहात घालतो तेच.

तरी तुम्ही विचारलंयच तर बिअरचा दिवस कसा असतो ते ऐका, पुढं उपयोगी पडेल.

शनिवारी सकाळी आठला सुरुवात. वीस लिटरला साडेचार किलो जवाचा माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेला जव, भरडून घेतलेला, पीठ नाही हां, भरडाच, टरफल शाबूत राहिलं पाहिजे कारण पुढं तेच गाळणीचं काम करतं. बारा लिटर पाणी ७३-७४ अंशाला आणायचं, त्यात भरडा सोडला की सगळं मिळून ६६ अंशाला येऊन थांबतं, मग पातेल्याला जुनी रजई गुंडाळून तासभर हात लावायचा नाही. या तासात दाण्यातले एन्झाइम स्टार्चची साखर करतात. ६२-६३ ला ठेवलं तर बिअर हलकी, कोरडी होते आणि ६९-७० ला गेलं तर अंगानं जड, गोडसर. सहा-सात अंशांत एवढा फरक पडतो हे मला पहिल्यांदा खरंच वाटलं नव्हतं. मग गाळून घ्यायचं, भरड्यावरून गरम पाणी फिरवायचं, जे गोड पाणी मिळतं त्याला वर्ट म्हणतात. ते तासभर खळखळून उकळायचं, झाकण न ठेवता, कारण फिक्या माल्टमधून उकडलेल्या मक्यासारखा एक वास येतो तो वाफेबरोबर निघून जायला हवा. उकळी फुटली की हॉप्स, म्हणजे एका वेलीची वाळवलेली फुलं, कडवटपणासाठी, कारण हॉप्समधला कडूपणा उकळल्याशिवाय उतरत नाही, आणि शेवटच्या पाच मिनिटांत परत थोडे, ते फक्त वासासाठी.

आणि इथून पुढं खरा जीव टांगणीला लागतो. उकळत होतं तोवर कुठल्या जंतूची भीती नव्हती, पण आता वीस लिटर गोड पाणी लवकरात लवकर २० अंशाला आणायचं, यीस्ट घालायचं आणि त्यात दुसरं कुणी घुसू द्यायचं नाही. माझी दुसरी बॅच इथंच गेली. बादली, पळी, नळी सगळं धुतलं होतं पण बादलीच्या तोटीच्या आत जुना साका राहिलेला, तो दिसलाच नाही. दहाव्या दिवशी झाकण उघडलं तर व्हिनेगरचा वास. वीस लिटर मोरीत ओतली, फार वाईट वाटलं. तेव्हापासून तोटी दर वेळी खोलून सुटी करून धुतो, आजही, आल्याच्या कामालासुद्धा.

घनता मोजायचं हायड्रोमीटर असतं, सुरुवातीला १.०४८ आणि शेवटी १.०१२ आलं तर वजाबाकीला १३१ नं गुणायचं, साधारण पावणेपाच टक्के अल्कोहोल. दोन आठवडे आंबायला आणि बाटल्यांत भरल्यावर अजून दोन आठवडे. म्हणजे वीकेंडला होतं ते फक्त रांधणं, बाकी महिना यीस्टचा असतो. आणि त्या यीस्टला १८ ते २० अंश लागतात. २८-३० वर गेलं की बिअरला केळ्याचा, कधी पेंटच्या थिनरसारखा वास मारतो. एप्रिल-मेमध्ये सांगलीत पारा ३८-४० ला असतो, तेव्हा कायदा बाजूला ठेवला तरी नवख्या माणसाला तिथं एसीशिवाय जमणं अवघडच होतं.

आता आपल्याकडचं. आलं म्हणजे सातारा, हे तुम्हाला सांगायला नको. कोरेगाव, सातारा, कराड सगळीकडं आल्याचे प्लॉट आहेत, आमच्या चुलत्यांचंही दरवर्षी असतं. आल्याच्या सालीवर निसर्गतःच यीस्ट आणि लॅक्टिकचे जंतू, म्हणजे दही लावणाऱ्यांच्या जातीचे, असतात, त्यांना पाणी आणि साखर दिली की ते जागे होतात. इंग्रजीत त्याला जिंजर बग म्हणतात, मी आल्याचं विरजण म्हणतो, कारण काम अगदी तेच आहे, थोडं राखून ठेवायचं आणि पुढच्या वेळी घालायचं.

ह्या शनिवारी एवढंच करा. काचेची बरणी उकळत्या पाण्यानं धुवा, त्यात एक मोठा पेला पाणी, दोन चमचे साखर, दोन चमचे आलं सालीसकट बारीक चिरून. साल काढायची नाही, सगळं सालीतच आहे. नळाचं पाणी असेल तर आधी उकळून गार करा, क्लोरीननं विरजण बसत नाही. तोंडाला सुती फडकं बांधा आणि रोज सकाळी एक चमचा आलं, एक चमचा साखर घालून ढवळत राहा. उन्हाळ्यात तिसऱ्या दिवशी फसफसायला लागतं, थंडीत पाच-सहा दिवस, कधी आठवडा. कान लावला तर बारीक चुरचुर ऐकू येते. वास ताज्या आल्याचा आणि किंचित आंबूस, इडलीचं पीठ वर आल्यावर येतो तसा हवा. वर रंगीत, केसाळ बुरशी आली तर सगळं टाकून द्या, वरवरचं काढून वापरू नका. पांढरा साका खाली बसतो, त्याचं काही नाही. आणि आलं शक्यतो शेतावरचं मातीसकट घ्या आणि घरी हलकं धुवा, पॉलिश केल्यासारखं चकचकीत धुतलेलं बाजारचं आलं कधी कधी चार-चार दिवस थंड पडून राहतं.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी पेय करायचं. दोन लिटर पाण्यात दीडशे ग्रॅम किसलेलं आलं दहा-पंधरा मिनिटं उकळा, त्यात दोनशे ग्रॅम साखर, किंवा निम्मी साखर निम्मा गूळ. सांगलीत गुळाला काय तोटा आहे, पण नुसत्या गुळाचं करू नका, रंग काळपट येतो, गाळ फार बसतो आणि आल्याची चव दबते. पूर्ण गार होऊ द्या, हाताला कोमटसुद्धा लागता कामा नये. मग दोन लिंबांचा रस आणि गाळलेलं विरजण, अर्धा पेला. ढवळून बाटल्यांत भरा, वर चार बोटं जागा सोडून.

बाटल्या प्लॅस्टिकच्या, सोड्याच्या. ह्या एका गोष्टीवर मी हट्टानं बोलतो. गावाकडं आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात मी सरबताच्या काचेच्या बाटल्यांत भरलं आणि दोन दिवस स्वयंपाकघरात ओट्याखाली ठेवलं, दुपारी एक बाटली फुटली, काचा पार समोरच्या भिंतीपर्यंत गेल्या. पाच मिनिटं आधी आई तिथं भाजी निवडत बसली होती. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. हिशोब बघा, एका लिटरमधली चार ग्रॅम साखर आंबली की साधारण एक लिटर गॅस तयार होतो. बाजारातल्या सोड्यात लिटरमागं साडेतीन-चार लिटर गॅस असतो. आपल्या पेयात लिटरमागं शंभर ग्रॅम साखर आहे, ती सगळी आंबली तर पंचवीस लिटर. साधी काच ते कशी सोसणार.

म्हणून बाटली रोज सकाळ-संध्याकाळ दाबून बघायची. दगडासारखी टणक लागायची वाट बघू नका, अंगठा थोडासाच आत जातोय असं झालं की लगेच फ्रिजमध्ये. मे महिन्यात माझ्याकडं १८-२० तासांत होतं, डिसेंबरात अडीच-तीन दिवस. फ्रिजमध्ये यीस्ट झोपतं पण मरत नाही, त्यामुळं आठवड्यात संपवा आणि परत बाहेर काढून विसरू नका. अल्कोहोलचंही नीट सांगतो. जेवढी साखर आंबते त्यातली साधारण अर्धी गॅस होते, अर्धी अल्कोहोल. लिटरमागं आठ ग्रॅम साखर आंबली तर दोन लिटर गॅस आणि अर्धा टक्का अल्कोहोल. म्हणून मी हलक्या फेसावरच थांबवतो. तरीही लहान पोरांना आणि जे अजिबात घेत नाहीत त्यांना मी हे देत नाही, त्यांच्यासाठी त्याच आल्याच्या पाण्यात वरून सोडा ओततो. तुम्हीही पाजताना आधी सांगून पाजा.

एक वही करा. तारीख, खोलीचं तापमान, आलं कुठलं, किती तासांनी बाटली ताठली. माझ्या लीड्सच्या वहीत शेवटी बॅचपेक्षा तापमानच जास्त लिहिलेलं आहे. उन्हाळ्यात बरणी माठाशेजारी ओल्या गोणपाटावर ठेवली तर चार-पाच अंश उतरतात, मी पितळी परातीत पाणी घालून त्यात बरणी उभी करतो आणि भोवती ओलं फडकं, फडक्याचं टोक पाण्यात. संध्याकाळी वाऱ्याला ठेवलं की चांगलं गार राहतं.

असे पाच-सहा वीकेंड काढा. विरजण कधी भुकेलं आहे, कधी तापलंय, कधी बिघडायला लागलंय हे वासावरून कळायला लागेल, आणि उद्या कामानिमित्त जिथं बिअर करायला परवानगी आहे अशा देशात गेलात तर पहिली बॅच मोरीत ओतायची वेळ येणार नाही.

विरजण घरी बसलंच नाही तर मेसेज करा, माझ्या बरणीतलं देतो. बाटलीत घालून एसटीनं पाठवणार नाही, वाटेत फुगतं, साताऱ्याला येऊन घेऊन जा. येताना रिकामी सोड्याची बाटली आणा, झाकण सैल ठेवून न्यायचं आणि घरी पोचल्या पोचल्या एक चमचा साखर घालायची.