दहा दिवस बसलो, तरी राग गेला नाही

इगतपुरी नाशिकपासून तासाभरावर. तिथल्या धम्मगिरीवर विपश्यना ध्यानाचं दहा दिवसांचं शिबिर करून आलेले कितीतरी जण माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात आणि तक्रार बहुतेक एकच असते. "मॅडम, तिथं मन कसं शांत झालं होतं. घरी आलो आणि आठवड्यात सगळं पहिल्यासारखं. माझंच काहीतरी चुकतंय."

सातपूरला कारखान्यात शिफ्टमध्ये काम करणारे एक गृहस्थ असेच आले. सकाळ-संध्याकाळ एकेक तास नेमाने बसायचे. सोबत आलेल्या पत्नी म्हणाल्या, "हे बसले की घरात आम्ही सगळ्यांनी श्वास धरायचा."

एका संध्याकाळी धाकटीच्या हातून स्टीलची वाटी पडली. हे बैठकीतून उठून तिच्यावर ओरडले. ते सांगताना त्यांचा चेहरा उतरला होता.

मी विचारलं, "वाटी पडली तेव्हा शरीरात काय झालं?"

"छातीत धस्स झालं. कान तापले."

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"ओरडत असतानाच."

"आणि शिबिराआधी असं ओरडलात, तर कधी कळायचं?"

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "दुसऱ्या दिवशी. ही बोलायची बंद झाली की."

मीही गप्प राहिले. इतक्या वर्षांत एक शिकले आहे, अशा वेळी समुपदेशकाने मध्ये बोलू नये. दुसऱ्या दिवशी कळणारा राग आता तोंडातून निघतानाच कळू लागला होता. त्यांची साधना चालूच होती, फक्त ते तिला "राग आला की नापास" या एकाच फूटपट्टीने मोजत होते. माझं ठाम मत आहे की ध्यानाने राग येणं थांबत नाही, तो आलेला लवकर कळतो. ओरडण्याआधी थांबायला जागा मिळते ती त्यातूनच.

सोण नावाच्या भिक्खूची गोष्ट मी अनेकांना सांगते. चंक्रमण, म्हणजे चालत ध्यान, करून करून त्याच्या पायातून रक्त आलं, तरी मन मुक्त होईना. तो पूर्वी वीणा वाजवायचा. बुद्धांनी त्याला विचारलं, तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजते का? आणि फार सैल सोडल्या तर? सातपूरच्या या गृहस्थांनाही मी एवढंच सुचवलं: रात्रपाळीनंतर तासभर बसायचा हट्ट नको, वीस मिनिटं पुरेत. आणि खोलीचं दार लावू नका.

मात्र एक गोष्ट निराळी. ध्यानानंतर झोपच उडाली, कारण नसताना भीती दाटू लागली, आवाज ऐकू येऊ लागले, तर "हे साधनेतलंच आहे" म्हणून रेटू नका. बसणं थांबवा, आचार्यांना सांगा आणि मनोविकारतज्ज्ञांना भेटा. चालू गोळ्या मनाने बंद करू नका.

शेवटच्या भेटीत ते म्हणाले, "परवा बसलो होतो, धाकटी येऊन मांडीवर बसली. उठवलं नाही तिला."