बुद्धिबळाच्या लीगमध्ये वेळ संपली आणि डाव अर्धवट राहिला, तर निकाल कसा लावायचा?

तुम्ही लिहिलंय की घोडबंदर रोडवरच्या आठ सोसायट्यांची लीग आहे, पाच पटांचे सामने, साडेसातला सुरुवात आणि दहाला हॉल बंद. दर वेळी एक-दोन डाव अर्धवट राहतात आणि मग 'मीच जिंकत होतो' यावरून वाद होतात. पंचाने निकाल द्यावा का, इंजिनला, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक-प्रोग्रॅमला, विचारावं का, आणि निकाल पटला नाही तर पुढे काय?

पंचाने निकाल जरूर द्यावा, पण त्याला प्रश्न नीट विचारा. 'कोण वरचढ आहे?' असं विचारायचंच नाही. 'इथून पुढे दोघेही अचूक खेळले तर काय होईल?' एवढंच विचारायचं. उत्तर विजय, पराभव किंवा बरोबरी यांपैकीच एक. 'पांढरा बहुतेक जिंकेल' हा निकाल होत नाही.

हे मी पोटतिडकीने सांगतोय, कारण एका अर्धवट डावाचा पूर्ण गुण मला मिळाला होता आणि तो माझा नव्हता. ठाण्यातलीच एक लीग, समोर नववीतला मुलगा. वेळ संपली तेव्हा माझ्याकडे पांढऱ्या घरांतून फिरणारा उंट आणि एच स्तंभात एकामागे एक दोन प्यादी होती. त्याच्याकडे नुसता राजा, जी८ वर. पंचांनी पटाकडे पाहिलं, मोहरे मोजले आणि मला विजयी ठरवलं. मुलगा काही न बोलता सोंगट्या डब्यात भरू लागला. घरी येऊन पट मांडला तेव्हा लक्षात आलं की ही सरळ बरोबरी आहे. माझ्या प्याद्याला वजीर व्हायला एच८ वर पोचायला हवं, आणि एच८ हे काळं घर. माझा उंट त्या घरावर कधीच मारा करू शकत नाही, त्यामुळे काळ्या राजाला त्या कोपऱ्यातून हुसकता येत नाही. फार जोर लावला तर त्याला शह नसताना चालच उरत नाही, म्हणजे पुन्हा बरोबरीच. एच स्तंभात आणखी एक प्यादं असतं तरी फरक पडला नसता. मी दुसऱ्या दिवशी आयोजकांना फोन केला. ते म्हणाले, निकाल वहीत चढलाय, बदलायचा नियम नाही. त्या मुलाचा अर्धा गुण गेला तो गेलाच. मला ते अजून लागतं.

म्हणून अपिलाचा नियम पहिल्या फेरीच्या आधी कागदावर हवा. ब्रिटनमधल्या संध्याकाळच्या लीगमध्ये अर्धवट डावाचा निकाल पंचाने लावायची पद्धत वर्षानुवर्षं चालली, कारण लोक कामावरून सुटून खेळायला यायचे आणि ठरलेल्या चाली झाल्या की घरी परतायचं असायचं. तिथली रीत उचलण्यासारखी आहे. पटावरची स्थिती लिहून काढायची, चाल कोणाची तेही लिहायचं आणि दोन्ही कर्णधारांनी सही करायची. मग प्रत्येक संघाने आपला दावा, विजय की बरोबरी, चालींच्या विश्लेषणासह पाठवायचा. निकाल पटला नाही तर ठरलेल्या दिवसांत अपील करायचं, सोबत थोडी अनामत भरायची. अपील मान्य झालं तर ती परत मिळते. तुम्ही एक गोष्ट मात्र आवर्जून करा: अपील पहिल्या पंचाकडे नको, दुसऱ्या माणसाकडे जाऊ दे, आणि तो दोन्ही संघांबाहेरचा असू दे.

आता इंजिन. पटावर राजे आणि प्यादी धरून सात किंवा त्याहून कमी मोहरे असतील तर वादच नको. सात मोहऱ्यांपर्यंतचे सिझिजी टेबलबेस, म्हणजे प्रत्येक स्थितीचा अचूक निकाल आधीच काढून ठेवलेले संच, २०१८ मध्ये पूर्ण झाले आणि लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. त्यांचं उत्तर पक्कं असतं. माणसांच्या अंदाजावर किती विसंबायचं ते पाहा: दोन उंट विरुद्ध एक घोडा हे अंतिम पर्व शंभरहून अधिक वर्षं बरोबरीचं मानलं जात होतं. १९८३ मध्ये संगणकतज्ज्ञ केन थॉम्पसन यांनी संगणकावर दाखवलं की ते बहुतेक वेळा जिंकता येतं. पण काही स्थितींत पन्नासहून जास्त चाली लागतात, म्हणजे पन्नास चालींचा नियम (पन्नास चालींत मारामारी झाली नाही आणि प्यादं हललं नाही तर बरोबरी मागता येते) आड येतो. तो धरायचा की नाही, तेही आधीच ठरवा.

मोहरे जास्त असतील तर इंजिनचा आकडा हा निकाल नव्हे. एकाचा उंट पांढऱ्या घरांतला आणि दुसऱ्याचा काळ्या घरांतला असला की स्टॉकफिश हे इंजिन कित्येकदा आघाडी दाखवत राहतं, आणि बचावाची तटबंदी मात्र फुटत नाही. जो संघ विजय मागतो त्याने शेवटपर्यंतची वाट दाखवावी. नुसत्या आकड्याचा स्क्रीनशॉट पुरावा म्हणून घेऊ नका.

खरं तर माझा आग्रह असा की ही वेळच येऊ देऊ नका. डिजिटल घड्याळ लावा, प्रत्येकी ४५ मिनिटं आणि दर चालीला १५ सेकंद वाढीव. साठ चालींचा डाव दोन तासांत संपतो. शंभरावर वीस चाली गेल्या तरी अडीच तास, म्हणजे साडेसातला बसलेले बरोबर दहाला उठतील. फक्त सुरुवात खरोखर साडेसातला व्हायला हवी. काट्यांचीच घड्याळं असतील तर प्रत्येकी ७५ मिनिटांत पूर्ण डाव ठेवा. अशा डावांसाठी फिडेच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या, मार्गदर्शक सूचना आहेत: दोन मिनिटांहून कमी वेळ उरलेला खेळाडू आपल्या चालीच्या वेळी दोघांना दर चालीला पाच-पाच सेकंद वाढवून मागू शकतो. त्यासाठी दोन डिजिटल घड्याळं पंचाच्या टेबलावर ठेवली तरी पाच पटांना पुरतात.