रिमोटने बंद केला तरी एसीचं आउटडोअर चालूच राहतं. रात्री मेन पाडून झोपलं तर चालेल का?

नाही चालणार. तुमचा दीड टनाचा साधा स्प्लिट आहे, इन्व्हर्टर नाही, आणि रिमोटने बंद केल्यावर आतला पंखा थांबतो पण गच्चीवरचं आउटडोअर चालूच राहतं, असं तुम्ही लिहिलंय. ही रिमोटची तक्रार नाही. आतलं युनिट हुकूम ऐकतंय. बाहेरच्या कम्प्रेसरचा करंट तुटत नाहीये.

आमच्या घरी, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, आईच्या खोलीतल्या एसीला नेमकं हेच झालं होतं. दोष आतल्या युनिटच्या कार्डावरच्या, म्हणजे सर्किट बोर्डवरच्या, रिलेत निघाला. रिले म्हणजे एक छोटी काळी डबी. कार्डाकडून इशारा आला की तिच्यातले दोन कॉन्टॅक्ट जुळतात आणि कम्प्रेसरला करंट मिळतो. कम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो आणि दर वेळी त्या कॉन्टॅक्टवर ठिणगी पडते. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, गल्लीतले सगळे एसी एकदम चालतात, व्होल्टेज खाली येतं, लाइट जाते-येते. कम्प्रेसर अडखळत सुरू होतो, ठिणग्या वाढतात आणि एक दिवस कॉन्टॅक्ट वितळून एकमेकांना चिकटतात. कधी मुंग्या किंवा पालही कार्डापर्यंत पोचते.

खात्री घरबसल्या करता येते. रिमोटने एसी बंद करा, एसीचा मेन स्विच म्हणजे एमसीबी पाच मिनिटं पाडून ठेवा, मग वर करा आणि रिमोटला हात लावू नका. आउटडोअर आपोआप लगेच सुरू झालं, तर रिले चिकटला आहे. किंवा मागे कुणा मेकॅनिकने कम्प्रेसरची वायर ‘डायरेक्ट’, म्हणजे रिले वगळून थेट जोडून ठेवली आहे. असं सर्रास करतात, त्यामुळे शेवटचं काम कुणी केलं आणि काय केलं ते जरूर विचारा. तपासून झालं की एमसीबी लगेच पुन्हा पाडा.

आता मेन पाडून झोपण्याबद्दल. यात दिसतो त्यापेक्षा धोका मोठा आहे. रिमोटने बंद केल्यापासून मेन पाडेपर्यंत आणि पुन्हा मेन वर केल्यावर आतला पंखा बंद आणि कम्प्रेसर चालू, अशी काही मिनिटंसुद्धा वाईट असतात. आतल्या युनिटच्या थंड कॉइलला खोलीतली गरम हवा मिळत नाही, तिच्यावर बर्फ धरतो आणि गॅस पूर्ण वाफ न होता पातळ अवस्थेतच कम्प्रेसरकडे परततो. कम्प्रेसर वाफ दाबायला बनवलेला असतो, द्रव नव्हे. त्यात तो फुटू शकतो. शिवाय रिले चिकटला की खोली गार झाल्यावरही कम्प्रेसर कट होत नाही, आणि लाइट गेल्यावर कार्ड जी साधारण तीन मिनिटांची सवड देतं तीही उरत नाही. लाइट आली की गॅसचा दाब उतरायच्या आधीच त्याला जोर लावावा लागतो. मग सगळी भिस्त राहते ती कम्प्रेसरच्या ओव्हरलोडवर, म्हणजे तो फार तापला की त्याला बंद करणाऱ्या सुरक्षा-स्विचवर. म्हणून दुरुस्ती होईपर्यंत कूलर चालवा, एसी नको.

मेकॅनिक बहुधा पूर्ण कार्ड बदलायला सांगेल. माझं मत स्पष्ट आहे: कार्ड जळलेलं नसेल तर फक्त रिले बदला. कार्ड काढून घेऊन दुरुस्त करणारे कारागीर आमच्या लष्कर भागात आहेत, तुमच्याकडेही असतील. रिलेवर त्याच्या आतल्या कॉइलचे व्होल्ट आणि कॉन्टॅक्टचे अँपियर छापलेले असतात. नवा त्याच रेटिंगचा हवा, कमी अँपियरचा अजिबात नको. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून चिकटलेला रिले सोडवणारेही भेटतील. तो पुन्हा चिकटतो. स्वतः मात्र आउटडोअर उघडू नका, मेन बंद असला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरलेला असतो.

इन्व्हर्टर एसी असलेल्यांना हे जसंच्या तसं लागू नाही. त्यात खोली गार झाल्यावर कम्प्रेसर मंद गतीने चालू राहणं हा दोष नसतो. रिमोटने बंद केल्यावर आतला पंखा काही मिनिटं फिरत राहतो तेव्हा बहुतेक वेळा तो कॉइल वाळवत असतो.

रिले बसवून झाला की मेकॅनिकला जाऊ देण्याआधी एसी चालू-बंद करून बघा, मधे तीन-चार मिनिटं सोडून. एकदा खोली गार झाल्यावर रिमोटवर तापमान खोलीपेक्षा वर, म्हणजे ३० वर नेऊन आउटडोअर कट होतं का तेही बघा. आणि व्होल्टेज फार खालीवर होत असेल तर टाइम डिलेवाला स्टॅबिलायझर लावून घ्या, नाहीतर नव्या रिलेचीही तीच गत होईल.