‘काही लागलं तर सांग’ म्हणतात, त्यांना सांग

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तुझं बोलणं अर्धवटच राहिलं. मागून त्यांचा आवाज आला आणि तू “ठेवते काकू” म्हणालीस. पण त्याआधी जे बोललीस ते डोक्यातून जात नाही. “कुणाला सांगू? सासरी म्हणतील, ही नवऱ्याला वेडा ठरवते.” फोनवर तुला निवांतपणा मिळत नाही, म्हणून लिहायला बसले. रात्री ते झोपले की वाच.

मीही दोन वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. ह्यांना अल्झायमर आहे असं डॉक्टर म्हणाले, आणि मी घरी येऊन ती फाइल कपाटात साड्यांच्या खाली ठेवली. कुणी विचारलं तर “शुगर जरा वरखाली होतेय” म्हणायचे. लग्नकार्याला जाणं सोडलं. पाहुणे आले की ह्यांच्या तोंडून काही निघायच्या आत मीच उत्तर द्यायचे. आपल्या देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया, म्हणजे अल्झायमरसारखा आठवण आणि समज हिरावून घेणारा मेंदूचा आजार, असल्याचा अंदाज आहे. तरी त्या दोन वर्षांत मला असं दुसरं एकही घर माहीत नव्हतं. सगळ्यांच्याच फायली साड्यांखाली असणार.

मग एके दिवशी हे पहाटे दूध आणायला गेले, ते दुपारी सापडले. एसटी स्टँडवर, पायांत दोन वेगळ्या चपला. घेऊन आला तो नाक्यावरचा रिक्षावाला. म्हणाला, “साहेबांना असं फिरताना मी तीन-चारदा बघितलंय. तुम्ही सांगून ठेवलं असतंत तर तेव्हाच घरी सोडलं असतं.”

त्याच संध्याकाळी मी सांगायला बाहेर पडले. आधी वाण्याकडे. त्याला निम्मं माहीतच होतं. हे दिवसातून दोन-दोनदा साखर मागायला जायचे, आणि तो बिचारा काहीबाही सांगून परत पाठवायचा. आम्ही ठरवलं की मागतील तेव्हा द्यायची, पैशांचं बोलायचं नाही, संध्याकाळी मी परत आणून देईन. अर्ध्या किलोची ती एकच पुडी दीड-दोन वर्षं आमच्या घरी यायची आणि दुकानात परत जायची. तिचा कोपरा फाटला तेव्हा त्याने आपणहून चिकटपट्टी लावली. हे हातात पुडी घेऊन घरी यायचे तेव्हा चेहऱ्यावर काम केल्याचं समाधान असायचं. कुठल्या औषधाने ते मिळालं नाही गं.

तुझं माझ्यापेक्षा अवघड आहे, ते मला कळतं. त्यांचं वय एकोणपन्नास, मुलगी सातवीत, घराचे हप्ते चालू. त्यात डिमेन्शियाचा हा फ्रंटोटेम्पोरल प्रकार. मेंदूचा पुढचा आणि कानशिलांजवळचा भाग झिजतो, त्यामुळे आधी वागणं बिघडतं आणि आठवण बराच काळ शाबूत राहते. ज्याला सगळ्यांचे वाढदिवस पाठ आहेत, त्याला आजार आहे हे सासूबाईंना कसं पटावं? त्यांना दिसतं ते एवढंच, की मुलगा तिरसट झालाय, चारचौघांत नको ते बोलतो आणि पेढ्यांचा डबा एका बैठकीत संपवतो. मग दोष सुनेचा.

भांडून पटवायला जाऊ नकोस. पुढच्या तपासणीला दिराला सोबत ने. तू खुर्चीत गप्प बस आणि डॉक्टरांना बोलू दे. त्यानंतर दोन दिवस त्यांना दिराच्या घरी ठेव. दोन तास नाही, दोन दिवस. तास-दोन तास हे लोक स्वतःला सावरून धरू शकतात, म्हणूनच भेटायला येणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. रात्र काढल्यावर कळतं.

आणि ज्यांना कळेल ते म्हणतील, “काही लागलं तर सांग हं.” आपण “हो, नक्की” म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. तू तिथे थांबू नकोस. ताबडतोब एक काम हातात दे, वारासकट. “मंगळवारी त्यांना केस कापायला नेशील?” “गुरुवारी दहा पोळ्या पाठवशील?” नुसतं “लक्ष असू दे” म्हटलं तर चांगल्या माणसालाही काय करावं ते सुचत नाही. काही जण टाळतील. ते मनाला लावून घेऊ नकोस, पुढच्याला विचार.

नर्सिंग ब्युरोतून त्यांना सांभाळायला माणूस ठेवलास तर सवयींचा एक कागद लिहून दे. आंघोळीचं पाणी किती कढत, कशाने चिडतात, कोणत्या गाण्याने शांत होतात. त्याची सुट्टी मात्र कधी बुडवू नकोस. तोही माणूस आहे, थकतो.

कागदपत्रांचं मी उशिरा केलं आणि फार सोसलं. मुखत्यारपत्र करून ठेवलं म्हणजे झालं, असं मला वाटायचं. पण देणाऱ्याची समज गेली की आपल्या कायद्यात ते संपतं, मग पालकत्वासाठी थेट हायकोर्टात जावं लागतं. म्हणून त्यांना समजून सही करता येतेय तोवर जोडखातं, नॉमिनीची नोंद, मृत्युपत्र एवढं उरक. या महिन्यातच.

अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ पासून काम करतेय, मुंबई-पुण्यातही तिच्या शाखा आहेत. तिथे काळजीवाहकांच्या, म्हणजे पेशंटला सांभाळणाऱ्यांच्या, बैठकांचं विचार. १४५६७ ही हेल्पलाइन ज्येष्ठांसाठी आहे. तुझ्यासाठी १४४१६, टेलिमानस, मनाच्या आरोग्याची सरकारी हेल्पलाइन. चोवीस तास असते, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. रात्री दोन वाजता भिंतीवर डोकं आपटावंसं वाटेल तेव्हा लाव. तो नंबर फक्त पेशंटचा आहे असं समजू नकोस.

अशाच एका काळजीवाहकांच्या बैठकीला मी पहिल्यांदा गेले तेव्हा तासभर गप्प होते. शेवटी बोलून गेले की काल मी ह्यांच्या हातावर जोरात मारलं, वळ उठला. हे बहिणीलाही सांगितलं नव्हतं. वाटलं, आता सगळे काय म्हणतील. समोर एक निवृत्त गृहस्थ होते, बायकोचं सगळं एकटे करायचे. ते म्हणाले, “मी परवा दाराला बाहेरून कडी घालून जिन्यात बसलो होतो. वीस मिनिटं.” मग आम्ही दोघं रडलो, आणि बाकीच्यांनी रडू दिलं. त्यानंतर माझा हात पुन्हा उठला नाही. तू जा तिथे. पहिल्या वेळी काही बोलली नाहीस तरी चालेल.

मुलीलाही सरळ सांग, बाबांना मेंदूचा आजार आहे, ते तुझ्यावर रागावलेले नाहीत. तिला वाटत असेल, आपलंच काही चुकलं.

येत्या गुरुवारी मी चार वाजता येतेय, सातपर्यंत थांबेन. त्यांच्यापाशी मी बसेन, तू मुलीला घेऊन बाहेर जा. घरातलं एकही काम त्या वेळात काढू नकोस. चहा ते आल्याचा घेतात की बिनआल्याचा आणि गॅसची किल्ली कुठे लपवतेस, एवढं तेवढं लिहून ठेव.

तुझी,
काकू