पेठ वडगावात बसून मुंबईची दुकानं का दिसतात?

प्रश्न : आम्ही पेठ वडगावात (जि. कोल्हापूर) राहतो. घरच्या लॅपटॉपवर ‘मोटर रिवायंडिंग’ शोधलं की गुगल मुंबईची दुकानं दाखवतं. बिघाड कुठे आहे?

उत्तर : लॅपटॉप बिघडलेला नाही. बहुतेक लॅपटॉपमध्ये जीपीएस नसतं. ब्राउझरला लोकेशनची परवानगी नसली की गुगल आयपी पत्त्यावरून, म्हणजे तुमच्या इंटरनेट जोडणीला मिळालेल्या क्रमांकावरून, अंदाज बांधतं आणि तो पत्ता तुमच्या घराचा नव्हे, इंटरनेट कंपनीचा असतो. कंपनीनं तो मुंबईच्या नावे नोंदवला असेल, तर तुम्हालाही मुंबईतच धरलं जातं.

आधी निकालांच्या पानाच्या अगदी तळाशी जा. गुगलनं कोणतं ठिकाण धरलंय आणि कशावरून, ते तिथे लिहिलेलं असतं : आयपी पत्ता, तुमचं उपकरण, पूर्वीचे शोध किंवा तुम्ही नोंदवलेला घरचा पत्ता. ही ओळ वाचल्याशिवाय सेटिंग्जना हात लावू नका, कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. घरचा पत्ता जुना राहिला असेल, तर तो मॅप्समध्ये बदलला की काम झालं.

आयपी दिसला, तर त्या ओळीजवळचं ‘लोकेशन अपडेट करा’ दाबा आणि परवानगी द्या. ब्राउझर विचारतच नसेल, तर पूर्वी कधीतरी ‘ब्लॉक’ दाबलं गेलं असावं. क्रोममध्ये पत्त्याच्या पट्टीच्या डाव्या टोकाची खूण दाबा, साइट सेटिंग्जमध्ये लोकेशन ‘अलाउ’ करा आणि पान पुन्हा लोड करा. विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंग्जमध्येच लोकेशन बंद असेल, तर आधी ते सुरू करा. व्हीपीएन (खरा आयपी पत्ता लपवणारी सोय) असेल तर तोही बंद करून पाहा. परवानगी मिळाल्यावर लॅपटॉप आसपासच्या वायफायवरून जागा ओळखतो. वस्तीत हे छान जमतं. मळ्यातल्या एकट्या घरात शेजारी वायफायच नसतं, म्हणून तिथे चूक राहू शकते.

मग शोधातच गाव लिहावं, पण नुसतं ‘वडगाव’ नको. मावळातलं वडगाव आहे, पुण्याचं वडगाव बुद्रुक आहे. ‘मोटर रिवायंडिंग पेठ वडगाव कोल्हापूर’ असं पूर्ण लिहा.

प्रश्न : लोकेशन दिलं की गुगलला माझं घर कळतं का?

उत्तर : अचूक लोकेशन दिलंत तर हो. नाही दिलंत, तरी साधारण भाग कळतोच. गुगलच्या म्हणण्यानुसार तो 3 चौरस किलोमीटरपेक्षा मोठा असतो. अँड्रॉइड 12 आणि आयओएस 14 पासून अचूक लोकेशन ॲपनिहाय बंद करता येतं. हवामानासाठी साधारण भाग पुरतो, पेट्रोल पंप शोधताना अचूक हवं. परवानगी ‘ॲप वापरताना’ एवढीच ठेवा, शोधासाठी ‘नेहमी’ची गरज नसते. खात्यात साठलेले शोध 3, 18 किंवा 36 महिन्यांनी आपोआप पुसले जातील अशी सोय आहे; 3 महिने निवडावेत असं आम्ही सुचवू.

प्रश्न : मी पुण्यात, आई चिपळूणला. तिच्यासाठी तिथलं औषधांचं दुकान कसं शोधू?

उत्तर : ‘जवळचं’ लिहू नका, ते तुमच्या जवळचं दाखवेल. मॅप्समध्ये नकाशा चिपळूणवर न्या, आईच्या घराभोवती मोठा करा आणि मग शोधा. नकाशा सरकवल्यावर दिसणारं ‘या भागात शोधा’ दाबा. यादीत पहिलं आलेलं दुकान सर्वात जवळचं असेलच असं नाही. अंतराबरोबर दुकानाची प्रसिद्धी आणि तुमच्या शब्दांशी जुळणीही धरली जाते. उघडण्याच्या वेळा बऱ्याचदा दुकानदारानं भरलेल्या असतात आणि जुन्या राहू शकतात, म्हणून आईला पाठवण्याआधी दुकानात फोन करा.