मातृत्व रजेवर असताना नोकरी बदलायची आहे. जुन्या आणि नव्या कंपनीला काय आणि कधी सांगावं?

बाळ तीन महिन्यांचं, पुण्यातल्या खासगी कंपनीत पगारी रजा चालू, नोटीस पीरियड 60 दिवसांचा आणि दुसरीकडची ऑफर जवळपास पक्की, असं तुम्ही लिहिलंय. रजेत राजीनामा देता येतो, कायदा अडवत नाही. अडचण येते ती तारखांची, म्हणून कोणाशीही बोलण्याआधी कॅलेंडर घेऊन बसा.

मातृत्व रजेचे 26 आठवडे म्हणजे 182 दिवस, रविवार-सुट्ट्या धरून. समजा, रजा 15 डिसेंबरला सुरू झाली, तर ती 14 जूनला संपते. 16 एप्रिलला राजीनामा दिला आणि कंपनीने नोटीस रजेतच मोजली, तर साठावा दिवस बरोबर 14 जून येतो आणि 15 जूनला नवीकडे रुजू होता येतं. रजेत नोटीस मोजायला कंपनी तयार नसेल, तर 15 जूनला कामावर जाऊन राजीनामा द्यायचा आणि 13 ऑगस्टला सुटायचं, किंवा नोटीसचे पैसे भरायचे. यातलं काय लागू होतं ते नियुक्तिपत्रात आणि रजेच्या धोरणात बघा. एचआरला फोनवर विचारू नका, तोंडी ‘चालेल’ला पुढे काही किंमत राहत नाही.

सर्वांत जास्त नुकसान होतं ते शेवटची तारीख न लिहिलेल्या राजीनाम्याने. ‘मी राजीनामा देत आहे’ एवढंच पाठवलं की कंपनी ‘आजपासूनच मोकळं करतो’ म्हणू शकते, आणि उरलेल्या रजेचा पगार मागत बसावं लागतं. रजेवर असलेल्या बाईला कामावरून काढायला कायद्याने बंदी आहे, पण स्वतःहून दिलेल्या राजीनाम्याला ते संरक्षण मिळत नाही. म्हणून मेलमध्ये स्पष्ट लिहा: ‘माझा शेवटचा दिवस 14 जून असावा. तोपर्यंत मातृत्व रजा आणि तिचा पगार चालू राहील, हे कृपया लेखी कळवावं.’ आणि हा मेल नव्या कंपनीचं सही केलेलं ऑफर लेटर हातात आल्यावरच पाठवा.

रजेचा पगार घेत असताना दुसरीकडे रुजू होऊ नका, ‘फक्त ट्रेनिंग आहे’ म्हटलं तरीही. रजेत दुसऱ्या आस्थापनेत काम केलं तर त्या काळाच्या लाभावरचा हक्क जातो. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात ही तरतूद होती आणि 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. शिवाय पीएफच्या नोंदीत दोन नोकऱ्यांच्या तारखा एकमेकींवर चढतात आणि ट्रान्सफर अडकतं.

‘रजेनंतर अमुक महिन्यांत सोडलं तर मातृत्वाचे पैसे परत’ अशी अट काही कंपन्या घालतात. कायद्याने मिळालेला लाभ अशा कराराने काढून घेता येत नाही. कंपनीने त्यावर स्वतःहून दिलेल्या जादा रजेची किंवा बोनसची गोष्ट वेगळी, ती अट नीट वाचा. नोकरीला पाच वर्षं होत आली असतील तर ग्रॅच्युइटीसाठी शेवटची तारीख थोडी पुढे नेणं फायद्याचं ठरेल. 26 आठवड्यांपर्यंतची मातृत्व रजा सलग सेवेत धरतात.

आता नवी कंपनी. तांत्रिक फेरीत रजेचा विषय काढायची गरज नाही. सीव्हीवर ‘सध्या कार्यरत’ लिहिणं खरंच आहे, कारण तुम्ही अजून तिथल्या कर्मचारी आहात. पण एचआरने रुजू होण्याची तारीख विचारली की माझ्या मते तिथेच सांगून टाकावं: ‘मातृत्व रजेवर आहे, ती 14 जूनला संपते, 15 जूनला रुजू होऊ शकते.’ लपवलं तर पार्श्वभूमी तपासणीत रजा दिसू शकते आणि विश्वासाला तडा जातो, तेही ऑफर हातात असताना. बाळाला कोण सांभाळणार असं विचारलं तर तपशील देऊ नका, ‘व्यवस्था झालेली आहे’ एवढं पुरे.

उरलेली रजा नव्या कंपनीकडे नेता येत नाही. आधीच जन्मलेल्या बाळासाठी तिच्यावर मातृत्व लाभाचं बंधन नसतं.

ऑफर स्वीकारण्याआधी दोन गोष्टी लेखी घ्या. एक, पाळणाघर: 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तर ती सोय बंधनकारक आहे आणि दिवसातून चारदा बाळाकडे जाता येतं. ते इमारतीतच आहे की टाय-अप असून चार किलोमीटरवर, हे विचारा. लांब असेल तर त्या चार फेऱ्या कागदावरच राहतात. दोन, ग्रुप मेडिक्लेम: जुन्या कंपनीचं संरक्षण साधारणपणे शेवटच्या दिवशी संपतं, आणि नवीकडे बाळाचं नाव बहुधा ठरावीक मुदतीतच घालता येतं. त्यासाठी बाळाचा जन्मदाखला आत्ताच काढून ठेवा.